दाढोबाचे टोळ: घरी पाळावेत की विकत आणावेत?

जानेवारी २०२३ मधल्या एका सोमवारी दारात पुठ्ठ्याचा खोका पडलेला होता. आत मध्यम आकाराच्या टोळांचे दोन डबे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ते मोजले. ६० पैकी ४३ मेलेले. उरलेल्यांतल्या निम्म्यांचे मागचे पाय गळून पडलेले. खोका गुरुवारी निघाला होता, शनिवार-रविवार कुठल्याशा गोदामात पडून राहिला होता, आणि त्या दोन रात्री इंग्लंडमध्ये बाहेर सगळं गोठलेलं होतं. तापमान शून्याच्या खाली गेलं की वाळवंटातला हा किडा किती वेळ तग धरणार?

हे टोळ आमच्या दाढोबाचं अन्न. दाढोबा म्हणजे धाकट्या मुलाचा बिअर्डेड ड्रॅगन, मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला काटेरी दाढीचा सरडा. ऑस्ट्रेलिया आपले वन्यप्राणी पाळण्यासाठी बाहेर विकू देत नाही, त्यामुळे युरोपातले हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या इथेच बंदिस्त जागेत पैदास झालेले आहेत. आम्ही तो ऑगस्ट २०२२ मध्ये आणला, तेव्हा तीन महिन्यांचा होता. ब्रिटनमध्ये त्याला परवाना लागत नाही. पण २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार त्याला योग्य अन्न, ऊब आणि जागा देण्याची कायदेशीर जबाबदारी पाळणाऱ्यावर असते.

वाढत्या वयाच्या ड्रॅगनचं मुख्य खाणं किडे. भाजीपाला रोज समोर ठेवायचा, पण पिल्लू त्याच्याकडे फारसं बघत नाही. पहिल्या शरद ऋतूत दाढोबा आठवड्याला तीन-चार डबे टोळ संपवायचा. डबा साधारण तीन पौंडांना, म्हणजे महिन्याला चाळीस-पंचेचाळीस पौंड एका सरड्याच्या किड्यांवर. त्यात असे मेलेले खोके. म्हणून फेब्रुवारीत मी ठरवलं की टोळ घरीच वाढवायचे. पुढे नऊ महिने ते केलं आणि मग सोडून दिलं. इथल्या मराठी मंडळींत सरडे पाळणारी तीन-चार घरं माझ्या ओळखीची आहेत आणि प्रत्येक घरातून मला हाच प्रश्न येतो. म्हणून काय घडलं ते सगळं सांगते.

रातकिडे का नाहीत, हा पहिला प्रश्न. रातकिडे स्वस्त असतात, पण त्यांना वास येतो, ते रात्रभर किरकिरतात, आणि सरड्याच्या पेटीत उरले तर झोपलेल्या सरड्याला चावतात. टोळ गप्प असतो, सहसा चावत नाही, उजेडाकडे चढून वर येतो आणि सरड्याला लगेच दिसतो. अमेरिकेत मात्र टोळ मिळत नाहीत. पिकांना धोका म्हणून तिथे त्यांच्या विक्रीला मोकळीक नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा त्याच्या सरड्याला झुरळांवर वाढवतो. ब्रिटनच्या हिवाळ्यात हा किडा बाहेर जगू शकत नाही, म्हणून इथे तो दुकानात सहज मिळतो.

दुकानात दोन जातींचे टोळ येतात, वाळवंटी टोळ आणि स्थलांतरी टोळ. मी वाळवंटी घेतले. शास्त्रीय नाव शिस्टोसर्का ग्रेगेरिया. हे नाव मी आधी ऐकलेलं होतं. माझं माहेर काटोल तालुक्यातलं, संत्र्याच्या बागांचं. मे २०२० मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातून टोळधाड अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत उतरली तेव्हा माझा भाऊ रात्री शेतात उभा होता. लोक थाळ्या आणि रिकामी पिंपं बडवत होते, अग्निशमन दलाच्या गाड्यांनी झाडांवर फवारणी चालली होती. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत फांद्या गुलाबी दिसत होत्या. आणि आता तोच किडा मी पौंड मोजून घरात आणत होते. या गोष्टीने मला सुरुवातीला अस्वस्थ केलं, पुढे मात्र तिचाच उपयोग झाला. टोळधाडीच्या भीतीपोटी जगाने या किड्याचा जेवढा अभ्यास केला आहे तेवढा फार थोड्या किड्यांचा झाला असेल, आणि तो बराचसा याच देशात झाला. १९२१ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या बोरिस उवारोव्ह यांनी स्थलांतरी टोळाबाबत दाखवून दिलं की ज्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात होत्या त्या एकाच किड्याच्या दोन अवस्था आहेत, एक एकटं राहण्याची आणि दुसरी थव्याने राहण्याची.

पेटी मी जुन्या काचेच्या माशांच्या टाकीची केली. वर लोखंडी जाळी लावली, कारण नायलॉनची जाळी टोळ दोन दिवसांत कुरतडतात. एका कोपऱ्यात उष्णता देणारा सिरॅमिक दिवा आणि त्याला तारेचा पिंजरा. दिवसा ३२ अंशांच्या आसपास, रात्री दिवा बंद. आत उभ्या काटक्या लावल्या. या काटक्या महत्त्वाच्या. टोळाचं पिल्लू पाच वेळा कात टाकतं, आणि दर वेळी उलटं लटकून स्वतःच्या कातीतून खाली ओघळतं. लटकायला जागा नसेल किंवा खाली पुरेशी उंची नसेल तर पंख आणि पाय वाकडेच वाळतात. कात टाकताना तो मऊ आणि असहाय असतो, आणि पेटीत खाणं कमी पडलेलं असेल तर बाकीचे त्याला खातात. पहिल्या महिन्यात मी हे दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा चूक माझीच होती, सकाळचं गवत दुपारवर गेलं होतं.

गवताचा प्रश्न मात्र घरच्या सवयीने सुटला. फेब्रुवारीत बाहेर बर्फ, आणि रस्त्याकडेच्या गवतावर कुत्री आणि तणनाशक. मग मी घटस्थापनेला रुजवण करतो तसे इंडियन स्टोअरमधले गहू रात्रभर भिजवून पसरट ट्रेमध्ये मातीत पेरले. आठव्या-नवव्या दिवशी वीतभर हिरवं उभं राहतं. असे चार ट्रे दोन-दोन दिवसांच्या अंतराने पेरले की गवत कधी तुटत नाही. सोबत वाटीत कोरडा गव्हाचा कोंडा. टोळांना पाणी वेगळं देत नाहीत, ते ओल्या गवतातूनच मिळतं. पेटीत पाण्याची वाटी ठेवली तर दमटपणा वाढतो आणि दमटपणा हा त्यांचा काळ.

वाळूने मला खूप दिवस दमवलं. मादी अंडी घालताना पोट लांब ताणून वाळूत सुमारे दहा सेंटिमीटर खोल घुसवते आणि एका पुंजक्यात पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त अंडी सोडते. वर फेसाचा बूच बसवते. पहिल्या बरणीत मी वाळू फार ओली ठेवली. तीन आठवड्यांनी उकरली तेव्हा आत बुरशी होती. दुसरी बरणी दिव्याजवळ ठेवली, ती सुकली, अंडी सुरकुतली. मग टोळ वाढवणाऱ्या प्रयोगशाळांचं प्रमाण सापडलं: मापाने १०० भाग कोरड्या वाळूला १५ भाग पाणी. हाताला ते असं कळतं, की मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे, पण तळव्याला पाणी लागता कामा नये. तिसरी बरणी अशी भरली, झाकण लावून ३० अंशांवर ठेवली, आणि एप्रिलच्या मध्यावर चौदाव्या दिवशी पहाटे झाकणाखाली हालचाल दिसली. सात-आठ मिलिमीटरची फिकट हिरवी पिल्लं बुचाच्या वाटेने वर येत होती. दुपारपर्यंत सगळी काळी झाली.

त्या काळ्या रंगामागेही उवारोव्ह यांनी सांगितलेलीच गोष्ट आहे. गर्दीत जन्मलेली आणि गर्दीत वाढणारी पिल्लं काळी-पिवळी, चपळ, एकमेकांच्या मागे जाणारी होतात. एकटी वाढवली तर हिरवी आणि लाजाळू. धाकट्याने त्यांतली चार पिल्लं चार वेगळ्या बरण्यांत ठेवली होती. दोन-तीन काती टाकल्यावर त्यांतली तीन हिरवीगार झाली. गर्दीत मागच्या मांड्यांना वारंवार स्पर्श होतो आणि त्यातून शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन वाढून टोळाची वागणूक काही तासांत बदलते, हे केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि सिडनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. रंग बदलायला मात्र काती लागतात. माझ्या मुलाला शाळेने शिकवलं त्यापेक्षा जास्त जीवशास्त्र त्याला त्या चार बरण्यांनी शिकवलं, असं मला मनापासून वाटतं.

जुलैत आई काटोलहून आली. पिल्लं तोवर पंखांची होऊन गेली होती. टोळाला पंख फुटले की तो आधी गुलाबीसर असतो, पुढे नर पिवळाजर्द होतो. आईने पेटीजवळ चष्मा नेऊन बघितलं. "अवं, हे त टोय होय! आपल्या वावरात आलते तेच," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "काऊन पाळून राहिली वं तू हे?" तिला दाढोबाला खाताना दाखवलं. त्याने एक मोठा टोळ जिभेने ओढला आणि दोनदा चावून गिळला. आई म्हणाली, "असे चार-पाचशे पाहिजे होते तेव्हा." तिच्या बोलण्यात गंमत अजिबात नव्हती. त्या वर्षी भावाच्या अर्ध्या बागेची कोवळी पालवी गेली होती.

तिनेच विचारलं, की गावाकडे असा प्राणी पाळायचा तर शेतातले नाकतोडे पकडून का घालू नयेत? याचं उत्तर तिच्याच शेतात होतं. ज्या बागेवर फवारणी झाली तिथला किडा विष घेऊन फिरत असतो, आणि तो मेला नाही म्हणजे स्वच्छ आहे असं होत नाही. रानातल्या नाकतोड्यांच्या पोटात जंतही असतात. शिवाय रुईच्या झाडावर दिसणारा निळा-पिवळा नाकतोडा रुईचं विष अंगात साठवतो आणि छेडलं तर ते बाहेर फवारतो, तो कुठल्याच पाळीव प्राण्यासमोर टाकू नये. काजव्यांबद्दल तर अमेरिकेत नोंदीच आहेत, एखादाच काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या. इथल्या बागेतलेही नाकतोडे मी मुलाला आणू दिले नाहीत, शेजारचा माणूस काय फवारतो हे मला माहीत नव्हतं. जाता जाता हेही सांगते, कारण पुण्या-मुंबईतून विचारणा येते: इग्वाना पाला खातो, त्याला किडे घालू नयेत. तो विदेशी प्राणी भारतात पाळायचा तर सरकारदरबारी नोंदणी लागते. आणि घोरपड, अजगर किंवा स्टार कासव घरात ठेवणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आता हिशेब. एप्रिलमध्ये त्या तिसऱ्या बरणीतून दीडेकशे पिल्लं आली. ऊब असेल तर महिन्या-सव्वा महिन्यात त्यांना पंख फुटतात, आणखी दोन-चार आठवड्यांत ती अंडी घालायला लागतात. जुलैअखेर माझ्याकडे दोन पेट्या, सात बरण्या आणि सहाशेच्या वर टोळ होते. दोन दिव्यांना मिळून १०० वॅट, दिवसाला चौदा तास, आणि विजेचं युनिट तेव्हा आम्हाला ३३-३४ पेनीला पडत होतं. म्हणजे महिन्याला चौदा पौंड नुसती वीज. गहू, कोंडा, वाळू धरून अठरा. पंचेचाळीसच्या जागी अठरा, म्हणून मी खूश होते. माझी चूक इथे झाली, कारण पंचेचाळीस हा आकडा गेल्या वर्षीच्या दाढोबाचा होता.

दाढोबा चौदा महिन्यांचा झाला होता. या वयात ड्रॅगनची वाढ मंदावते आणि त्याच्या ताटातला मोठा वाटा पाल्याचा व्हायला हवा, किडे आठवड्यातून दोन-तीनदाच. मला हे माहीत होतं. पण घरात सहाशे टोळ उड्या मारत असताना रोज आठ-दहा घालणं सोपं वाटत होतं, आणि तो मागतच होता. त्याने पालेभाजी जवळजवळ सोडून दिली. ऑक्टोबरमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा वजन ५४० ग्रॅम भरलं. डॉक्टरांनी त्याच्या शेपटीच्या मुळाशी आणि पोटाच्या बाजूंना चरबी दाखवली, जबडा आणि पाय दाबून पाहिले. हाडं चांगली होती. ते कॅल्शियममुळे. टोळात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून खायला घालण्याआधी टोळ पिशवीत टाकून कॅल्शियमच्या भुकटीत हलवून घ्यायचे हे मी एकदाही चुकवलं नव्हतं. सरड्याच्या पेटीतला अतिनील किरणांचा दिवाही वेळेवर बदलला होता. त्या दोन गोष्टींवाचून जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, हाडं वाकतात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, किडे आठवड्यात तीन दिवस, एका वेळी चार-पाच, बस्स.

म्हणजे आठवड्याला पंधरा टोळ. आणि माझ्याकडे दर आठवड्याला त्याच्या कितीतरी पट वाढत होते. पेटी दाढोबाच्या गरजेप्रमाणे चालत नव्हती. दाढोबा पेटीच्या गरजेप्रमाणे खात होता.

हे एवढ्यावर निभावलं असतं. बरण्या कमी करता आल्या असत्या. पण सप्टेंबरपासून मला खोकला होता.

सुरुवात हातांपासून झाली. पेटी साफ करून आलं की मनगटावर, जिथे त्यांच्या मागच्या पायांचे काटे घासत, तिथे गांधी उठायच्या. मग शिंका. मग रात्रीचा कोरडा खोकला. मी तो हवेवर ढकलत होते. दोन आठवडे स्कॉटलंडला गेलो आणि तिथे एकही रात्र खोकला आला नाही. घरी परतले, रविवारी पेटी झाडली, आणि त्या रात्री छातीत शिट्टी वाजू लागली. माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात नवीन काय आणलंय?" टोळांची विष्ठा म्हणजे कोरडे बारीक दाणे. ब्रशने झाडलं की त्यांची धूळ उडते, आणि कातींची, पंखांची धूळ त्यात मिसळते. टोळ वाढवणाऱ्या संशोधन केंद्रांमधल्या माणसांना यातून नाक वाहण्यापासून दम्यापर्यंत त्रास झाल्याचं वैद्यकात बरंच जुनं नमूद आहे. ज्या देशाच्या प्रयोगशाळांतून मी वाळू-पाण्याचं प्रमाण उचललं, तिथलीच ही दुसरी माहिती मी शोधलीच नव्हती. दिवा, वाळू, गवत सगळं वाचलं, माणसाच्या श्वासाबद्दल वाचलं नाही. आमची पेटी होती कुठे, तर धाकट्याच्या झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या छोट्या खोलीत, आणि तिची खिडकी ऊब टिकावी म्हणून आठ महिने बंद. त्याला काही झालं नाही. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

नोव्हेंबरमध्ये पेट्या मोडल्या. जिवंत टोळ बाहेर सोडणं इथे बेकायदा आहे, परदेशी जीव मोकळा सोडायला १९८१ चा वन्यजीव कायदा मनाई करतो. एका ओळखीच्या घरात ड्रॅगनची तीन वाढती पिल्लं होती, त्यांनी शंभरेक टोळ नेले. बाकीचे आधी थंड करून मग फ्रीजरमध्ये. वाळूच्या बरण्याही आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि मगच कचऱ्यात टाकल्या, कारण अंडी तशीच टाकली तर उबदार कचऱ्यात ती फुटू शकतात. साफसफाई नवऱ्याने केली, मास्क लावून, सगळं ओल्या फडक्याने, ब्रश न वापरता. पहिल्या दिवसापासून असंच करायला हवं होतं. मला चार महिने इनहेलर लागला.

आता आम्ही विकत आणतो. पण जानेवारी २०२३ मध्ये आणत होतो तसं नाही. थंडीत टपालाने मागवणं बंद. गावातल्या एका दुकानात मंगळवारी नवा माल येतो, त्या दिवशी मी स्वतः जाते आणि डबा हातात घेऊन बघते. झाकणाला आतून पाण्याचे थेंब असतील तर नको. तळाशी काळपट, मऊ पडलेले टोळ असतील तर नको. डबा हलवल्यावर ते उडी मारायला हवेत, आणि निदान बहुतेकांचे मागचे दोन्ही पाय जागेवर असायला हवेत. आकाराचं माप म्हणजे दाढोबाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर, टोळ त्याहून रुंद नको. डब्यातला टोळ दिवसेंदिवस उपाशी असतो आणि उपाशी टोळ म्हणजे नुसतं टरफल. म्हणून घरी आल्यावर त्यांना जाळीच्या हवेशीर पेटीत काढते, एक दिवस गव्हाचं गवत आणि मेथीची पानं खाऊ घालते, आणि मग कॅल्शियम लावून दाढोबासमोर. तो दहा-पंधरा मिनिटांत खातो तेवढेच आत टाकायचे, उरलेले रात्रीआधी काढून घ्यायचे. पंधरवड्याला एक डबा पुरतो, म्हणजे महिन्याला सहा-सात पौंड, माझ्या पेट्यांच्या विजेच्या निम्मे.

ज्यांच्याकडे एकच सरडा आहे त्यांनी टोळ घरी वाढवू नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. वाढती चार-पाच पिल्लं असतील, घराबाहेर वाऱ्याची शेड असेल, आणि घरात कुणालाही दमा नसेल, तर गोष्ट वेगळी. ज्या घराने माझे शंभर टोळ नेले त्यांचं चांगलं चाललं आहे, पण त्यांची पेटी गॅरेजमध्ये आहे आणि ते मास्क घालूनच आत जातात.

गेल्या तपासणीत दाढोबाचं वजन ४५५ भरलं. किडे कमी केल्यावर पहिले तीन आठवडे तो पाल्याला तोंड लावत नव्हता, काचेवर पंजे घासत बसायचा, आणि धाकटा माझ्याशी भांडायचा. चौथ्या आठवड्यात त्याने मेथी खाल्ली. गव्हाचे ट्रे चारावरून एकावर आले आहेत. आईने फोनवर विचारलं, टोय गेले काय? गेले म्हटलं. मग तिने भावाला फोन दिला, आणि आम्ही संत्र्यांच्या आंबिया बहाराबद्दल बोललो.